पुढचा नंबर कोणता?
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चिखलदऱ्याला आलेला पाहुणा पंचबोल पॉइंटवर गेल्याशिवाय सहसा परतत नाही. दरीच्या काठाशी उभे राहून तो आपल्या मुलाचे किंवा बायकोचे नाव मोठ्याने पुकारतो आणि समोरचे डोंगर तेच नाव पुन्हा पुन्हा परत करतात. म्हणून तर त्या जागेला पंचबोल म्हणायचे. हा खेळ मी वर्षानुवर्षे पाहत आलो. एक गोष्ट मात्र फार उशिरा ध्यानात आली. तुम्ही जे बोललात तेवढेच डोंगर परत देतो. तुम्ही पुढे काय बोलणार होतात, ते त्याला ठाऊक नसते.

संगणकाच्या बॅकअपचेही असेच आहे, आणि आज त्याच विषयावर चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध टायपिंगपुरता. पण आमच्याकडच्या एका वाचनालयात अशी एक गोष्ट घडली, की मला या विषयाच्या मागे लागावेच लागले.

काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की धुके खोलीत शिरते, वीज दिवसातून दहादा जाते आणि कडाडणारी वीज कुठे पडेल त्याचा नेम नसतो. वाचनालयाचा संगणक अशाच एका रात्री गेला. सुदैवाने तिथल्या मुलाने यादीची नक्कल एका पेन ड्राइव्हवर ठेवली होती. नवा संगणक आला, नक्कल त्यात उतरवली, आणि दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला.

“चाचा, पुस्तकं सारी वापस आली, मेंबरही आले. पन नवा मेंबर घेतो म्हनलं तं हे म्हन्ते, हा नंबर आधीच देल्ला हाय.”

“मंग तू काय केलं?”

“काय करतो? बटन दाबत रायलो. दाबता दाबता एक डाव घेतलं त्यानं.”

दोघेही खूश झालो. काम झाले होते ना!

महिनाभराने एक गृहस्थ वाचनालयात आले. जवळच्या ढाण्यावरचे, मोलमजुरी करणारे. त्यांची मुलगी नववीत. नुकतीच सभासद झालेली. तिच्या नावे चिठ्ठी गेली होती की, तुमच्याकडे तीन पुस्तके येणे आहेत, ती आणून द्या नाही तर किंमत भरा. मुलीने तोवर एकही पुस्तक घरी नेले नव्हते. बापाने तिला रागावले होते, आणि तिने वाचनालयाची पायरी सोडली होती. तो माणूस भांडायला आला नव्हता. पैसे हप्त्याने दिले तर चालतील का, एवढेच विचारायला आला होता.

झाले होते ते असे. वाचनालयाचे सुमारे चौदाशे सभासद. पेन ड्राइव्हवर त्यांची नावे होती, पण ‘पुढचा नंबर कोणता द्यायचा’ ही खूण नव्हती. नव्या संगणकाने एकपासून सुरुवात केली. एक नंबर घेतलेला, म्हणून नकार. दोन घेतलेला, नकार. प्रत्येक वेळी बटण दाबले की एक नंबर खर्च होई आणि गाडी पुढे सरके. असे करत तो २१४ वर आला. २१४ नंबरचे सभासद पूर्वीच अकोल्याला निघून गेले होते आणि त्यांचे नाव यादीतून काढले होते. जागा रिकामी होती. संगणकाने ती मुलीला दिली. पण कपाटातल्या जुन्या कागदी कार्डांत २१४ या नंबरावर तीन पुस्तकांची बाकी तशीच होती. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याने कार्ड पाहिले, नंबर पाहिला, आणि ती बाकी मुलीच्या माथी बसली.

काउंटर म्हणजे काय?

संगणकात यादी ठेवणाऱ्या व्यवस्थेला डेटाबेस म्हणतात. त्यात प्रत्येक नोंदीला एक क्रमांक लागतो. तो माणसाने द्यायचा म्हटले तर चुका होणार. म्हणून डेटाबेसमध्ये क्रमांक देणारा वेगळा नोकर असतो. त्याला ‘सीक्वेन्स’ म्हणतात. आपण काउंटर म्हणू. बँकेत टोकन देणारे यंत्र असते तसा हा. मागाल तेव्हा पुढचा आकडा देतो आणि एकदा दिलेला आकडा परत घेत नाही. तुम्ही टोकन घेऊन रांगेत न थांबता घरी गेलात, तरी तो आकडा गेला तो गेलाच. आमच्या मुलाने दाबलेले प्रत्येक बटण नंबर का खात होते, ते यावरून कळेल.

या काउंटरला चार गोष्टी माहीत असाव्या लागतात. आपण आत्ता कुठवर आलो आहोत, एका वेळी किती पुढे जायचे, कुठे थांबायचे, आणि थांबायची जागा आली की काय करायचे.

शेवटच्या दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. माझ्या हातातल्या तसबीहला ३३ मणी आहेत. तेहतीस झाले की मी पुन्हा पहिल्या मण्यावर येतो. जपमाळेला १०८ मणी असतात आणि मेरुमणी ओलांडायचा नसतो; तिथून माळ फिरवून मागे यायचे. दोन्हीकडे मर्यादा आहे, आणि मर्यादेशी आल्यावर काय करायचे हेही ठरलेले आहे. पुन्हा तेच मणी आले म्हणून काही बिघडत नाही, कारण मणी ही कोणाची ओळख नव्हे. पण मोटारीचा नंबर ही ओळख आहे. अमरावतीच्या गाड्यांना एमएच २७ आणि अकोल्याच्या गाड्यांना एमएच ३० लागते. त्यापुढे अक्षरे आणि मग चार आकडे. चार आकड्यांत ९९९९ च्या पुढे जाता येत नाही. तिथे पुन्हा एकवर यायचे, पण अक्षर बदलून. अक्षर न बदलता एकवर आले, तर एकाच नंबरच्या दोन गाड्या रस्त्यावर येतील आणि एकाने केलेल्या गुन्ह्याचा दंड दुसऱ्याच्या घरी जाईल. आमच्या नववीतल्या मुलीचे झाले तेच.

मर्यादा कुठून येते?

कोणी म्हणेल, संगणकाला कसली आली मर्यादा? आहे, आणि ती मोठी ठरीव आहे. संगणक प्रत्येक आकड्यासाठी आधीच जागा राखून ठेवतो. जुन्या स्कूटरच्या मीटरमध्ये पाच घरे असत. ९९९९९ किलोमीटर झाले की पुढे पाच शून्ये. संगणकाचे घर फक्त शून्य किंवा एक धरते, एवढाच फरक. सोळा घरे दिली आणि त्यातले एक अधिक-उणे चिन्हासाठी ठेवले, तर सर्वांत मोठा आकडा येतो ३२,७६७. बत्तीस घरे दिली तर २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २१४ कोटींहून थोडा अधिक. चौसष्ट घरे दिली तर तो आकडा १९ आकडी होतो.

या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. एखाद्या व्यवस्थेत दर सेकंदाला हजार नोंदी होत आहेत असे धरा. बत्तीस घरांचा काउंटर पंचवीस दिवसांत संपेल. चौसष्ट घरांचा काउंटर संपायला सुमारे २९ कोटी वर्षे लागतील. दुप्पट घरे दिली, पण फरक पंचवीस दिवस आणि एकोणतीस कोटी वर्षे असा पडला.

मग सगळीकडे चौसष्ट घरे का देत नाहीत? पूर्वी जागा महाग होती. शिवाय बहुतेक ठिकाणी हा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. तो आपोआप झालेला असतो. त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. तुम्ही काही सांगितले नाही तर यंत्र जे गृहीत धरते ते डिफॉल्ट. चहाच्या टपरीवर तुम्ही काही बोलला नाहीत तर साखरेचा चहा येतो, तसे. ज्याला मधुमेह आहे त्याने तोंड उघडून सांगायला हवे.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमएअर या विमान कंपनीला याचा फटका बसला. वैमानिक आणि कर्मचारी यांच्या पाळ्या लावणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरला महिन्यात ३२ हजारांच्या आसपासच बदल नोंदवता येत होते. सोळा घरांचा आकडा! त्या महिन्यात बर्फवादळामुळे पाळ्या सारख्या बदलाव्या लागल्या, मर्यादा ओलांडली गेली आणि यंत्रणा बसली. नाताळच्या दिवशी कंपनीला सुमारे ११०० उड्डाणे रद्द करावी लागली.

दुसरे उदाहरण ८ नोव्हेंबर २०१८ चे. बेसकॅम्प नावाच्या कंपनीच्या सेवेवर जगभरातली कार्यालये आपले कामकाज चालवतात. तिच्या एका तक्त्यातला क्रमांक २,१४,७४,८३,६४७ ला पोचला आणि नवी नोंद होईना. जवळजवळ पाच तास लोकांना जुने वाचता येत होते, नवे लिहिता येत नव्हते. गंमत अशी, की ‘रेल्स’ नावाचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर याच कंपनीच्या घरातून निघालेले. त्या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये आपले डिफॉल्ट बदलून चौसष्ट घरांचे केले होते. पण नवे डिफॉल्ट नव्या तक्त्यांना लागू होते. जुना तक्ता जुन्या मापावरच राहिला, आणि त्याच्याकडे वेळेत कोणी पाहिले नाही.

नकलेत काय येते, काय राहते?

आता बॅकअपकडे येऊ. बॅकअप घेणारे साधन म्हणजे नक्कलनवीस. समोर आहे ते उतरवून घ्यायचे, एवढे त्याचे काम. पण काय काय उतरवायचे, हे तुम्ही त्याला कसे सांगता त्यावर सगळे अवलंबून असते.

पहिला धोका आमच्या वाचनालयाचा. तक्त्यातल्या नोंदी घेतल्या, काउंटर घेतला नाही. पोस्टग्रेएसक्यूएल नावाचा एक मोठा मोफत डेटाबेस आहे. त्याच्या स्वतःच्या साधनाने सगळ्या डेटाबेसची पूर्ण नक्कल घेतली, तर काउंटर आणि तो कुठवर आला ही खूण, दोन्ही नकलेत येतात. पण एखाद्याने ‘फक्त याद्या’ म्हणून साध्या फाइलीत उतरवल्या, तर खूण मागेच राहते.

दुसरा धोका असा, की काउंटरची खूण कुठे लिहूनच ठेवलेली नसते. मायएसक्यूएल या दुसऱ्या लोकप्रिय डेटाबेसमध्ये बरीच वर्षे तसे होते. पुढचा नंबर यंत्राच्या चालू स्मरणात असायचा. यंत्र बंद करून सुरू केले की ते यादीतला सर्वांत मोठा नंबर पाही आणि त्यात एक मिळवी. शेवटची नोंद दरम्यान पुसली गेली असेल, तर तिचा नंबर दुसऱ्याला जाई. ही तक्रार २००३ मध्ये नोंदवली गेली होती. ती दूर झाली २०१८ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीत.

तिसरा धोका सर्वांत फसवा. काही वेळा नक्कलनवीस डिफॉल्ट असलेली गोष्ट लिहितच नाही. त्याचा विचार असा, की घेणाऱ्याकडेही हेच डिफॉल्ट असणार, मग लिहायचे कशाला? घर तेच असेल तर हे चालते. पण नक्कल नव्या आवृत्तीत किंवा वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवली, आणि तिथले डिफॉल्ट वेगळे असले, तर कोणीही काहीही न बदलता मर्यादा बदलते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ च्या आवृत्ती १० पर्यंत काउंटर नेहमी चौसष्ट घरांचाच असे. ज्या रकान्यात तो क्रमांक पडायचा तो रकाना मात्र बत्तीस घरांचा असू शके. म्हणजे विहिरीला पाणी भरपूर, पण घागर लहान. काउंटरला विचारले तर तो म्हणणार, माझ्याकडे अजून पुष्कळ आहेत. आणि इकडे घागर काठोकाठ भरलेली. आवृत्ती १० पासून काउंटरचे माप घागरीच्या मापाचे ठेवता येते. म्हणून तपासताना दोन्ही पाहावे लागतात. नळ किती मोठा आहे ते, आणि भांडे किती मोठे आहे तेही.

एका रात्रीची गोष्ट

या सगळ्याचा धडा जगाला एका रात्री मिळाला. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब नावाची कंपनी जगभरातल्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळून ठेवते. तिथला एक थकलेला इंजिनिअर रात्री बिघाड दुरुस्त करत होता. दुय्यम यंत्रावरचा निकामी डेटा पुसायचा म्हणून त्याने हुकूम दिला. पण तो बसला होता मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांत चूक कळली आणि त्याने हुकूम थांबवला. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

काही हरकत नाही, बॅकअप आहे, असे कोणीही म्हणेल. त्यांच्याकडे तर सांभाळून ठेवण्याच्या एक नाही, पाच पद्धती होत्या. आमच्या पंचबोलसारख्या. पण त्या रात्री हाका मारल्या तर भरवशाने एकही बोल परत येईना. त्यातली एक पद्धत पोस्टग्रेएसक्यूएलच्या त्याच नक्कल साधनाची होती. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, आणि साधन डिफॉल्टने निवडले जात होते ९.२ आवृत्तीचे. जुने साधन नव्या डेटाबेसची नक्कल करायला नकार देई आणि तशी ईमेल पाठवी. ती ईमेलही वाटेत नाकारली जात होती. म्हणजे नकलेची जागा रिकामी आहे, हे कोणालाच कळले नव्हते.

शेवटी कामी आली ती एक योगायोगाची नक्कल. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी ती घेतली होती. त्यावरून सारे उभे केले. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग पुढेच आहे. सहा तासांपूर्वीची नक्कल उतरवली, म्हणजे काउंटरही सहा तास मागे गेले. त्या सहा तासांत जे नंबर दिले गेले होते ते यादीतून गेले, पण लोकांच्या टपालात, टिपणांत, इतर यंत्रांत राहिले होते. तेच नंबर नव्या लोकांना दिले असते, तर आमच्या २१४ सारखा घोटाळा हजारो ठिकाणी झाला असता. म्हणून त्यांनी सगळे काउंटर एक-एक लाखाने पुढे ढकलले. मधले नंबर वाया गेले. जाऊ देत! नंबर वाया गेला तर कोणाचे नुकसान होत नाही. एकच नंबर दोघांना गेला, तर होते. आपली कंपनी कुठे चुकली, हे त्यांनी सगळ्या जगासमोर तपशीलवार मांडले, हेही सांगायला हवे.

रिद्धपूरचा धडा

नक्कल आणि क्रम यांचा हा प्रश्न संगणकाने आणला असे नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्यावरून पुढे गेले की आपल्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर लागते. महानुभावांचे हे तीर्थ. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ. पण परंपरा सांगते, की मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. पुढे त्याचे अनेक पाठ झाले. लीळा परत आल्या, पण वेगवेगळ्या पोथ्यांत त्यांची संख्या आणि क्रम यांत फरक पडले. कोणती आधीची, कोणती नंतरची, हे जुळवण्यात अभ्यासकांची हयात गेली. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकाने किती पोथ्या ताडून पाहिल्या असतील! मजकूर वाचला म्हणजे सगळे वाचले असे नाही. क्रमही वाचवावा लागतो, हे यावरून कळते.

अगदी अलीकडचा दाखला मुंबईचा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे गेली. वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. मूळ आणि नक्कल एकाच इमारतीत, एकाच कपाटात असली, तर दोन्ही एकदमच जातात, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

आपण काय करावे?

आज शाळा, दवाखाना, पतसंस्था, वाचनालय, सगळीकडे अशा याद्या आहेत. त्या सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. त्याला पुढच्या गोष्टी जरूर विचारा.

नक्कल घेतली का, एवढे विचारून थांबू नका. ती उतरवून पाहिली का, असे विचारा. दुसऱ्या संगणकावर उतरवून, एक खोटी नोंद करून पाहावी. नंबर पुढचा आला तर ठीक, नाही तर तिथेच कळेल. उतरवल्यावर यादीतला सर्वांत मोठा नंबर आणि काउंटरची खूण ताडून पाहावी. खूण मागे असेल तर पुढे ढकलावी, आणि शंका असेल तर चांगली ऐसपैस ढकलावी. काउंटरची मर्यादा आणि रकान्याचे माप, दोन्ही स्पष्ट लिहून ठेवावे. डिफॉल्टवर सोडू नये. निम्मा काउंटर भरला की सूचना मिळेल अशी सोय करावी. नक्कल साधनाची आवृत्ती डेटाबेसपेक्षा जुनी नसावी. आणि नकला तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

यातली एक तारीख तर ठरलेलीच आहे. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात, आणि तो आकडाही बत्तीस घरांचाच असतो. १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले, की तो काउंटर भरेल. ज्यांनी घरे वाढवून घेतली त्यांना काही होणार नाही. ज्यांनी पाहिलेच नाही, त्यांच्या घड्याळात एका सेकंदाने १९०१ साल उजाडेल.

आमच्या वाचनालयाचे काय झाले ते सांगून संपवतो. कपाटातली कार्डे आणि संगणकातली यादी आम्ही तीन रविवार बसून ताडली. काउंटर दोन हजारावर नेऊन ठेवला. २१४ हा नंबर कायमचा बंद केला. आणि तो मुलगा व मी, दोघे ढाण्यावर जाऊन त्या मुलीच्या बापाला भेटलो. चूक आमची होती, तुमच्या पोरीची नव्हती, असे तिच्या समोरच सांगितले. पुढच्या आठवड्यात ती आली. तिला २००१ नंबर मिळाला. कार्डावर कुठलीही बाकी नव्हती. तिने ते दोनदा उलटून पाहिले आणि मग पुस्तकांच्या कपाटाकडे गेली.